पोच मागण्यात लाज कसली?

कोल्हापूरच्या माणसाला सिनेमाचे वेड नवे नाही. याच शहरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२९ साली 'प्रभात'चा जन्मही इथेच झाला. १९२५ च्या 'सावकारी पाश'ने सावकाराच्या घशात गेलेली शेतकऱ्याची जमीन पडद्यावर आणली. त्याची मूळ कथा ना. ह. आपटे यांची. पडद्यावर काही दिसण्याआधी ते कुणीतरी कागदावर मांडलेले असते, हे आपल्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही तो कागद घेऊन एखादा नवखा पोरगा निर्मात्याच्या दारात उभा राहिला, की त्याची मान आपोआप खाली जाते. माझीही गेली. ती जायला नको होती, असे आज वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी एक पटकथा पुरी केली. माझे वडील गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. काहिलीतला पाक उतरवायची वेळ ते नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखतात. थोडा उशीर झाला तरी सारे आदण बिघडते. आमच्या भागातली गुऱ्हाळे एकामागून एक बंद पडत आहेत. अशाच एका शेवटच्या हंगामाची ती गोष्ट होती. पाने भरली ब्याण्णव. पटकथेच्या एका पानाला पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे दीड तासाचा चित्रपट झाला असता.

शहरातल्या एका छोट्या निर्मिती संस्थेचा पत्ता मिळाला. एका दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतीला जुनी पोस्टरे आणि टेबलावर कागदांची चळत. तिथल्या गृहस्थांनी मला बसायला सांगितले, चहा दिला, पटकथा चळतीवर ठेवली आणि म्हणाले, "वाचून कळवतो." मी हात जोडले आणि जिना उतरलो. किती दिवसांत कळवणार, हे विचारले नाही. पोच मागितली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एवढ्या मोठ्या माणसाने चहा पाजला, त्यावर आणखी कागद कसा मागायचा?

महिन्याने फोन केला. "कोणती पटकथा?" असा प्रश्न आला. पुढे दोनदा "बघतो" झाले. चौथ्या महिन्यात कळले, की ऑफिस हलवताना कागद इकडेतिकडे झाले. माझ्याजवळ झेरॉक्स होती, त्यामुळे लिखाण वाचले. पण ते चार महिने गेले ते गेलेच. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी ती दुसरीकडे कुठेच पाठवली नव्हती.

घरी सांगितले तेव्हा वडिलांनी एकच विचारले, "सही घेतलीस का?" त्यांना अक्षरओळख बेताचीच आहे. पण हंगामात त्यांच्या खिशात एक छोटी वही असते. दिवसाला किती आदणे निघाली ते ते मांडतात आणि रोज संध्याकाळी गुऱ्हाळमालकाची सही घेतात. वीस वर्षांत ना मालक त्यावरून रागावला, ना यांना लाज वाटली. मी गप्प बसलेला पाहून ते म्हणाले, "माझ्यावर लिवलंस म्हणतोस, आन् माझी वही न्हाई व्हय दिसली तुला?"

मित्रहो, त्या दिवसापासून मी या विषयात थोडे डोके घातले. आपल्याकडच्या नव्या लेखकाला दोन रोग असतात. पहिला माझा, म्हणजे उपकाराखाली वाकण्याचा. दुसरा भीतीचा. कल्पना कुणी चोरील म्हणून काहीजण आपले लिखाण ट्रंकेतून बाहेरच काढत नाहीत. या दुसऱ्या रोगावर १९७८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचण्यासारखा आहे. आर. जी. आनंद यांचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक होते. पुढे १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला, तेव्हा तो आपल्या नाटकावरूनच घेतल्याची त्यांची तक्रार होती. दोन्हींत प्रांतीयतेचा विषय होता. पण न्यायालयाने म्हटले, की नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती कशी मांडली यावर असते. आनंद हरले. यातून मी घेतलेला धडा असा : तोंडी कल्पना सांगत फिरू नये. प्रसंग, पात्रे, संवाद यांसह ती पूर्ण लिहून काढावी आणि मग बिनधास्त पाठवावी.

पाठवण्याआधी तिची नोंद करून ठेवावी. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजे पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, आपल्या सभासदांच्या पटकथांची नोंद करून घेते. नोंद नसली तरी लेखकाचा हक्क जात नाही, पण अमुक तारखेला हे लिखाण माझ्याजवळ होते, एवढे दाखवायला ती उपयोगी पडते. काही संस्था वाचण्याआधीच एका छापील कागदावर सही मागतात. 'असाच विषय आमच्याकडे आधीपासून असू शकतो' अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नये. आणि पुढे खरोखरच करार झाला, तर हक्क लेखीच द्यावेत. किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिले नसेल, तर कायदा ती मुदत पाच वर्षांची धरतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात लेखकाचा निम्मा वाटा राखला आहे. हे आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्या दोन खोल्यांतले गृहस्थ लबाड होते असे मी म्हणणार नाही. वाचणारा एकटा, चळत मोठी आणि स्वतःचाच चित्रपट पैशावाचून अडलेला, असे त्यांचे असेल. प्रत्येकाला सविस्तर अभिप्राय द्या, अशी मागणी कुणी करू नये. पण 'मिळाली', 'अमुक दिवसांत कळवू', 'नको' या तीन गोष्टी सांगायला पैसा लागत नाही. 'नको' हे उत्तर मला चालले असते. दुसऱ्याच दिवशी मी दुसरे दार गाठले असते.

आमच्या प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. मराठी विभागात आपण कथा, कादंबरी, नाटक शिकतो. पटकथेचे एक पान कसे दिसते हे मात्र मला तिसऱ्या खर्ड्यापर्यंत ठाऊक नव्हते. ग्रंथालयात दोन-चार पटकथा आणि एखाद्या कराराचा नमुना ठेवला, तर माझ्यासारख्या खेड्यातून येणाऱ्यांचे एक वर्ष तरी वाचेल.

गेल्या महिन्यात ती पटकथा मी दुसऱ्या एका संस्थेत नेली. सोबत एक पत्र होते. त्यात शीर्षक, पानांची संख्या, तारीख आणि 'दोन महिन्यांत उत्तर न आल्यास अन्यत्र पाठवीन' अशी ओळ होती. पत्राची दुसरी प्रत पुढे करून "पोच द्याल का?" एवढे विचारताना माझा आवाज थोडा कापला. समोरच्या बाईंनी न बघताच सही केली आणि शिक्का मारला. त्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही.

पाने आता त्र्याण्णव झाली आहेत. वाढलेल्या पानावर संध्याकाळ आहे, चुलवण विझत आली आहे आणि गुळव्या खिशातून वही काढतो आहे.

— द्वितीय वर्ष, कला