एक मशीन, एक जावा? कशासाठी?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय रुक्ष आहे, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांचे शनिवार याच्यातच गेलेत. 'एका मशीनवर एकच जावा ठेवायचं' हा जो अलिखित (काही ऑफिसांत चक्क लिखित!) नियम आहे, तो नेमका कोणाच्या सोयीसाठी आहे?

मुळात तो पाळला जातच नाही. इंटेलिजे स्वतःचं जेव्हीएम बरोबर घेऊन येतं. ग्रेडलचा डीमन दुसऱ्या जेव्हीएममध्ये, टॉमकॅट तिसऱ्या. पहिला चहा संपेपर्यंत तीन-चार जेव्हीएम सुरू झालेले असतात. नियम फक्त तुमच्या-माझ्यासाठी.

आता जुना प्रोजेक्ट जावा ८ वर, म्हणजे २०१४ चं. नवा स्प्रिंग बूट ३ वर, त्याला किमान १७ लागतं. 'मग सगळंच १७ वर टाका ना, जुनं चालतंच' असं सांगणारा एक सीनियर प्रत्येक टीममध्ये असतोच. चालतं हो, पण नेहमी नाही. २०१८ मध्ये जावा ११ आलं आणि जेडीकेमधून जॅक्सबी गेलं. सोप सर्व्हिसवाल्या जुन्या कोडला विचारा काय झालं ते.

त्याहून वाईट प्रकार बिल्डमध्ये दिसतच नाही. १७ च्या कंपायलरला सोर्स आणि टार्गेट ८ सांगितलं की क्लास फाइल ८ ची निघते, आपण खूश. पण लायब्ररी तपासली जाते १७ चीच! बाइटबफरवर फ्लिप कॉल केलं तर जावा ८ मध्ये नुसता बफर परत येतो, ९ पासून बाइटबफर. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, आणि प्रॉडक्शनच्या जावा ८ वर 'नो सच मेथड एरर'. कंपायलर बिचारा वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग वाचतो कोण? रिलीज फ्लॅग दिला तर हे टळतं, तरी टेस्ट खऱ्या ८ वरच चालवायला हव्यात. म्हणजे दोन्ही जेडीके मशीनवर हवेतच ना!

ॲडमिन म्हणतात, जास्त व्हर्जन म्हणजे जास्त पॅच. मान्य. पण प्रॉडक्शनला ८ असेल तर ते पॅच करावंच लागणार. लॅपटॉपवरून उडवून कोण सुरक्षित झालं?

खरा त्रास मेमरीचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. काहीच सांगितलं नाही तर प्रत्येक जेव्हीएम साधारण एक चतुर्थांश रॅमपर्यंत हीप वाढवू शकतं. शेजारी दुसरं कोण आहे याचा त्याला पत्ताच नसतो. १६ जीबीच्या मशीनवर अशी पाच म्हणजे २० जीबीचा वायदा! तेव्हा एक्सएमएक्स प्रत्येकाला द्या, कंजूषपणे द्या.

आणि ते सगळ्यांसाठी एकच असलेलं जावा होम? प्रोजेक्टला कुठलं व्हर्जन लागतं हे प्रोजेक्टनेच सांगावं. ग्रेडलमध्ये टूलचेन २०२० पासून आहे, मेवनमध्येही सोय आहे. हे केलेलं नसतं म्हणून नवीन जॉइन झालेली मुलगी दोन दिवस 'क्लास व्हर्जन ६१' असली एरर बघत बसते, आणि वर तिलाच ऐकवतात की तुझं सेटअप चुकलंय. अरे, रीडमीमध्ये १७ हा आकडा तरी लिहिला होता का?