भरल्या पोटी आणखी घास

कलाशाखेच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनाची चर्चा कशाला, असे कुणी सुरुवातीलाच विचारील. परंतु ज्या हौसेपायी एका घरची दोन हंगामांची चिकूची कमाई गेली, ती केवळ विज्ञानशाखेची बाब आहे असे मला वाटत नाही.

माझ्या डहाणूच्या मामेभावाने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन मुळातच ‘हाय कॉम्प्रेशन’चे; म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण अकराव्या हिश्शाइतके दाबले जाई आणि मग ठिणगी पडे. गाडी उत्तम पळत होती. पण तलासरीवरून महामार्गाने टर्बोच्या शिट्ट्या वाजवीत ट्रक जातात, ते त्याने पाहिले. “ट्रकला चालते, मग माझ्या गाडीला का नाही?” असे म्हणत त्याने एका गॅरेजात टर्बो बसवून घेतला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. लोहाराच्या भात्याप्रमाणे तो आत जबरदस्तीने हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. ही ताकद तीन आठवडे टिकली. मग खडखड सुरू झाली आणि एके दिवशी चारोटीच्या अलीकडे गाडी निळा धूर सोडीत थांबली. पिस्टन फुटले होते.

ट्रकांच्या इंजिनांत सारा जन्म घालवलेले आमच्या तलासरीचे एक वृद्ध मिस्त्री मला म्हणाले, “पोटभर जेवलेल्याला आणखी भरवलंस तर तो ओकणारच!” मग त्यांनी फरक सांगितला. डिझेल इंजिन नुसती हवा दाबते; इंधन अगदी शेवटी फवारले जाते. त्यामुळे वेळेआधी पेटावे असे आत काही नसते. भावाच्या गाडीत मात्र पेट्रोल हवेबरोबरच आत येत होते. दाबले की हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो तो त्यामुळेच. टर्बोने दाबून तापवलेले मिश्रण पुन्हा अकरापट दाबले, तर ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. ती खडखड म्हणजे पिस्टनवर पडणारे घणच.

हा मोह मोठमोठ्या कारखानदारांनाही झालेला आहे. अमेरिकेत 1962 साली ओल्ड्समोबिलने आपल्या ‘जेटफायर’ गाडीच्या 10.25 कॉम्प्रेशनच्या इंजिनाला टर्बो जोडला. खडखड टाळायला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. 1963 नंतर ती गाडी बंदच झाली.

म्हणून टर्बो वाईट, असे मी म्हणत नाही. आपल्या चाकणला 2013 पासून फोक्सवॅगनची ‘पोलो जीटी टीएसआय’ बनू लागली. अवघे 1.2 लिटरचे इंजिन, टर्बो लावलेले, ताकद 105 पीएस! पण तेथे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारून आतली हवा थंड राखली होती. सारे इंजिनच टर्बोसाठी घडवले होते. आपल्याकडे मात्र कॉम्प्रेशन कमी न करता, मजबूत पिस्टन न घालता, ठिणगीची वेळ न बदलता वरून पंखा तेवढा बसवला जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखान्याच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही, हेही कुणी सांगत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. उच्च कॉम्प्रेशनचे इंजिन ही स्वतःच एक पुरी झालेली कृती आहे. तिचा स्वभाव ओळखून ती चालवावी, नाहीतर आतून नव्याने घडवावी. तिसरा स्वस्त मार्ग नाही.

प्राध्यापक महोदयांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत साहित्यिकांबरोबर एका मिस्त्रींनाही बोलवावे. मामेभावाला मी पहिल्या रांगेत बसवीन.