मनूच्या पुतळ्यावरचा रंग आणि भरपाईचा प्रश्न

८ ऑक्टोबर २०१८ रोजी तेव्हाच्या औरंगाबादहून गेलेल्या कांताबाई अहिरे आणि शीलाबाई पवार यांनी जयपूरला राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारातल्या मनूच्या पुतळ्याला काळा रंग फासला. दोघींना अटक झाली. आपल्यापैकी अनेकांनी तो फोटो स्टेटसला ठेवला आणि दोन दिवसांनी विसरूनही गेलो. त्यांच्यावरच्या केसचं काय, कोर्टाच्या तारखांचा खर्च कोण करतं, हे फार थोड्यांनी विचारलं.

भिंतीवर किंवा पुतळ्यावर रंग लावणं हा गुन्हा आहे, हे मी नाकारत नाही. माझा प्रश्न शिक्षेच्या मापाचा आहे. नुकसान किती झालं, ते कोणाचं झालं आणि ते भरून कसं काढायचं, हे तीन प्रश्न आपले कायदे क्वचितच एकत्र विचारतात.

राजस्थानात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. महाराष्ट्राच्या १९९५ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. दिल्लीच्या २००७ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. त्यावर केंद्राचा १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान कायदा लावला, तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. कृती एकच, पण कुठल्या राज्यात केली आणि पोलिसांनी कोणतं कलम लावलं, यावर आयुष्याचा हिशेब बदलतो.

आता दुसरं उदाहरण पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत उमेदवारांनी भिंती, खांब, मेट्रोची स्टेशनं पोस्टरांनी आणि रंगानं भरून टाकली. दिल्ली उच्च न्यायालयानं मतमोजणीच थांबवली आणि सांगितलं, आधी भिंती साफ करा. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. ज्यानं घाण केली त्यानं साफ करावी, ही खरी भरपाई. हा शहाणपणा चांगलाच आहे. पण तो गाड्यांचे ताफे घेऊन फिरणाऱ्या उमेदवारांना मिळतो, तसा खडू-ब्रश घेऊन घोषणा लिहिणाऱ्या वस्तीतल्या पोराला मिळतो का?

मी एमएला असताना १४ एप्रिलच्या आदल्या रात्री आम्ही चार-पाच जणांनी वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर निळ्या रंगात घोषणा लिहिली होती. सकाळी बोलावणं आलं. आम्ही म्हणालो, रंग आणतो, भिंत होती तशी करून देतो. उत्तर मिळालं, प्रश्न भिंतीचा नाही, शिस्तीचा आहे. दंड भरा, नाहीतर पोलिसांत देतो. आमच्यातला एक जण पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. दंड आम्ही मेसच्या पैशांतून भरला.

ज्याच्या घरी वकील, अधिकारी, ओळखीपाळखी आहेत, त्याला एफआयआर म्हणजे एक कटकट असते. घरातल्या पहिल्या पदवीधराला ती चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवरची रिकामी ओळ असते, ज्यात काय लिहावं या विचारानं झोप उडते. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये म्हटलं आहे, की तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपवली गेली असली, तरी नोकरी देणारा ती दुर्लक्षित करू शकतो. करू शकतो, केलीच पाहिजे असं नाही. म्हणून माहिती लपवू नका, आणि वेळेत वकिलाला विचारा.

भारतीय न्याय संहितेनं १ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही नवी शिक्षा आणली. मोजक्या सहा गुन्ह्यांना ती लागू आहे. पाच हजारांहून कमी किमतीची पहिली चोरी त्यात आहे, दारू पिऊन केलेला धिंगाणा आहे, बदनामी आहे. मालमत्तेचं नुकसान मात्र त्यात नाही. जिथं साफसफाई हीच नैसर्गिक शिक्षा ठरली असती, तिथंच कायदा गप्प आहे.

कोणी विचारेल, मग बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली तर तिथंही बादलीभर पाणी पुरे का? नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं अशा विटंबनेला वेगळा गुन्हा मानलं, कारण तिथं दगडाबरोबर अख्ख्या वस्तीला धमकावलं जातं. म्हणजे कृती कोणी, कोणाविरुद्ध आणि का केली हे पाहायला कायदा शिकला आहे. तीच नजर कांताबाई आणि शीलाबाईंकडे वळवायला काय हरकत आहे?

जयपूरचा तो पुतळा १९८९ मध्ये लायन्स क्लबच्या पैशांतून उभा राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांच्या बैठकीनं तो हटवण्याचा निर्णय घेतला. विश्व हिंदू परिषदेचे आचार्य धर्मेंद्र कोर्टात गेले आणि स्थगिती मिळाली. बाबा आढावांनी महाडहून जयपूरकडे यात्रा नेली, कांशीराम यांनी आंदोलन केलं. २०१८ उजाडलं तरी अंतिम निकाल नव्हता. एकोणतीस वर्षं. बाबासाहेब मात्र बाहेर चौकात उभे.

संविधानिक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडले पाहिजेत, असं बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. ते आपल्याला नेहमी ऐकवलं जातं आणि ते आपण मानायलाही हवं. पण मार्ग खुला असणं म्हणजे फक्त दार उघडं असणं नव्हे. आत गेलेल्या माणसाला कधीतरी उत्तरही मिळायला हवं.

म्हणून मागणी साधी आहे. रंगाच्या गुन्ह्यात आधी सफाई आणि तिचा खरा खर्च, कैद अगदी शेवटी. समाजसेवेच्या यादीत हा गुन्हा घाला. नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांना तोच नियम लावा. आणि पुतळ्याच्या खटल्याचा निकाल द्या. दोन बायकांकडून रंगाची भरपाई मागताना, त्या आवारात न्याय मागायला येणाऱ्या प्रत्येक बहुजनाची, प्रत्येक बाईची भरपाई कोण करणार, हेही त्याच निकालात लिहावं लागेल.

जय भीम.