बॉडीचा मोह, लेन्सचा हिशेब

कॅमेरा बदलायचा म्हटलं की आधी बॉडीच्या किमती पाहिल्या जातात आणि हिशेब तिथेच फसतो. पैसा अडकलेला असतो तो लेन्समध्ये. १९८७ साली कॅननने ईएफ माउंट आणला, तेव्हा जुन्या एफडी लेन्स बाद झाल्या आणि लोक चिडले. निकॉनने मात्र १९५९चा एफ माउंट सोडला नाही. २०१८मध्ये मिररलेससाठी दोघांनीही नवे माउंट आणले आणि गंमत उलटी झाली. ईएफ लेन्सची फोकसची मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे साधं अडॅप्टर लावलं की ती नव्या कॅननवर झकास चालते. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सला बॉडीतली मोटर लागते, आणि जुन्या लेन्स नव्या निकॉनवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटरच नाही. म्हणजे तुमची लाडकी ५० एमएम लेन्स हाताने फिरवत बसा! (यूट्यूबवरचे परीक्षक हे शेवटी सांगतात, सांगितलंच तर.) सगळं विकून सोनीकडे जावं, तर जुन्या लेन्स पडत्या भावाने जाणार आणि नव्या पूर्ण किमतीत येणार. नुसती किट लेन्स असेल, तर खुशाल कंपनी बदला. गमवायचं काहीच नाही. पण दोन-तीन बऱ्या एएफ-डी लेन्स जवळ असतील आणि खिसा बेताचा असेल, तर निकॉनचा २०१४चा डी७५० शटर काउंट तपासून सेकंडहँड घ्या. फुल-फ्रेम आहे, मोटर आत आहे. आणखी काही वर्षं आरामात निघतील.