वाचना ते धर्मकथा : इंग्रजीचा स्वाध्याय



भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत आहे. तेथील एका परिचित व्यापारी परिवाराकडे नुकताच जाण्याचा योग आला. मराठी माध्यमात दहावीला असलेल्या त्यांच्या नातीने इंग्रजीचा एक उतारा न अडखळता वाचून दाखविला. "बेटा, यात काय सांगितले आहे?" असे विचारताच मात्र ती गप्प झाली. उताऱ्याखालील प्रश्नांची उत्तरे तिला मुखोद्गत होती. आजोबा म्हणाले, "गुण मिळतील हो, पण उद्या कंपनीचे इंग्रजी पत्र आले, तर दुकानात ते वाचणार कोण?"

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. दहा वर्षांच्या शिक्षणानंतरही आजोबांना असा प्रश्न पडावा, याचा विचार व्हावयास हवा. उपाय आपल्या घरातच आहे. उत्तराध्ययन सूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. सूत्रे कंठस्थ करणारी आपली मुले यांतील परावर्तनेपाशीच थांबतात. इंग्रजीतही तेच घडते.

वाचना म्हणजे रोज दहा-बारा ओळींचा एक नवा उतारा. तो आधी मनात वाचावा, मग मोठ्याने. प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नये; संदर्भावरून अर्थाचा अंदाज बांधावा व शेवटी तो पडताळावा.

पृच्छना म्हणजे प्रश्न विचारणे. कोणी केले, केव्हा केले, का केले, हे प्रश्न मुलाने स्वतः तयार करावेत. ज्याला प्रश्न रचता आला, त्याला उतारा समजला.

परावर्तना म्हणजे उजळणी. व्याकरणाची उजळणी सुट्या नियमांपेक्षा वाक्यांतून करावी. चिनी भाषेतही मराठीप्रमाणे ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. तेथील ‘गाओकाओ’ या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी व्याकरणासाठी एक सलग उतारा देऊन त्यातील रिकाम्या जागा भरावयास सांगतात. असा अभ्यास घरीही करता येतो : वाचलेल्या उताऱ्यातील दहा शब्द पेन्सिलीने झाकावेत आणि दुसऱ्या दिवशी ते आठवून नव्हे, तर अर्थावरून भरावेत.

अनुप्रेक्षा म्हणजे चिंतन. "पेमेंट सोमवारपर्यंत मिळेल" आणि "दुकान सोमवारपर्यंत बंद राहील" या दोन्ही वाक्यांत मराठीत ‘पर्यंत’ हाच शब्द येतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘बाय मंडे’ म्हणावे लागते, कारण ती मुदत आहे. दुसऱ्या ठिकाणी ‘अंटिल मंडे’, कारण ती तोवर चालू राहणारी स्थिती आहे. हा भेद ज्याच्या ध्यानी आला नाही, त्याच्याकडून व्यवहाराच्या पत्रात चूक झाल्याशिवाय राहणार नाही. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना ‘वर’ शेवटी येते, इंग्रजीत ‘ऑन’ आधी येते. अशी तुलना मुलांनी वहीत टिपून ठेवावी.

धर्मकथा म्हणजे समजलेले दुसऱ्यास सांगणे. रात्री दुकान वाढविल्यावर मुलाने त्या दिवशीचा उतारा आजी-आजोबांना मराठीत अथवा मारवाडीत सांगावा. ऐकणाऱ्यास इंग्रजी येत नसले तरी चालेल, त्यांनी "मग पुढे काय झाले?" एवढे विचारले तरी पुरे.

व्याकरण हा आपल्या परंपरेस परका विषय नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ रचले. त्याचे सात अध्याय संस्कृतासाठी आणि आठवा प्राकृत व अपभ्रंश यांसाठी आहे. अपभ्रंशाचे नियम सांगताना त्यांनी उदाहरणादाखल लोकांतील दोहे दिले. नियम आणि जिवंत वाक्य एकत्र शिकविण्याची ही रीत आपल्या आचार्यांनीच घालून दिली आहे.

सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. त्याच्या निम्मा वेळ, म्हणजे २४ मिनिटे, घरातील मुलाने रोज इंग्रजीच्या या स्वाध्यायास द्यावीत आणि एका वडीलधाऱ्याने त्या वेळी त्याच्याजवळ बसावे. शिकवणीची फी भरणे सोपे आहे. जवळ बसून ऐकणे हे घरच्यांनाच करावे लागते.