समूहनायक, उगमकथा आणि माध्यमांतराची नीती

१

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षापासून (२०२२-२३) एक प्रतिपादन वरचेवर ऐकू येते. या संग्रामावर मोठा चित्रपट व्हावा, आणि तो आजच्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेल्या महानायकांच्या चमूच्या साच्यात व्हावा, असे ते प्रतिपादन आहे. कुणी बंदूकबाज, कुणी निरोप्या, कुणी स्फोटकांचा जाणकार, कुणी वेषांतरपटू. प्रत्येकाची वेगळी पूर्वकथा, मग सर्वांचे एकत्र येणे, आणि शेवटी जुलमी सत्तेशी सामना. या सूचनेवर दोन प्रतिक्रिया उमटतात. साचा लोकप्रिय आहे म्हणून तो स्वीकारावा, असे एक पक्ष म्हणतो. साचा परकीय आहे म्हणून तो नाकारावा, असे दुसरा पक्ष म्हणतो. प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही पक्ष सारखेच उथळ वाटतात, कारण साचा मुळात काय करतो हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

परकीयत्वाचा आक्षेप प्रथम बाजूला सारणे सोपे आहे. निरनिराळ्या सामर्थ्यांची माणसे एका कार्यासाठी एकत्र येतात हे आशयसूत्र आपल्याला नवे नाही. पाच पांडवांतील प्रत्येकाचे बळ वेगळे आहे आणि प्रत्येकाची जन्मकथाही वेगळी आहे. शिवाय रूपबंधाला पारपत्र लागत नाही. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'वरून (१९५४) अमेरिकेने 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) केला, आणि हिंदी चित्रपटानेही त्या परंपरेपासून पुष्कळ घेतले. रूपबंध कुठून आला यापेक्षा तो आशयाचे काय करतो, हा समीक्षेचा विषय असायला हवा.

२

महानायकांच्या चमूची उगमकथा आज ज्या रूपात रूढ आहे, ते रूप अमेरिकन चित्रमालिकांत १९६० च्या दशकाच्या आरंभी स्थिरावले. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची 'फँटास्टिक फोर' १९६१ मध्ये आली. 'अ‍ॅव्हेंजर्स' आणि 'एक्स-मेन' या दोन्ही मालिका १९६३ च्या. चित्रपटात या रूपाने 'द अ‍ॅव्हेंजर्स'च्या (२०१२) यशानंतर जगभर दबदबा निर्माण केला. या रूपबंधाची तीन गृहीतके आहेत.

पहिले असे की, सामर्थ्य आधी असते आणि समूह नंतर घडतो. अपघाताने, प्रयोगाने, वारशाने किंवा दैवाने व्यक्ती असामान्य होते. समूह म्हणजे अशा असामान्यांची बेरीज. दुसरे, समूहाला एकत्र आणणारे कारण प्रसंगरूप असते. एक आक्रमण होते, एक खलनायक अवतरतो. तत्पूर्वीचे जग मूलतः सुस्थित होते आणि संकट टळल्यावर ते पुन्हा सुस्थित होणार, हे त्यात अध्याहृत आहे. तिसरे, सामान्य माणूस हा रक्षणाचा विषय असतो, कृतीचा कर्ता नसतो. तो इमारतींखाली सापडतो, वाचवला जातो आणि कृतज्ञतेने वर पाहतो.

ही गृहीतके कथानकाच्या सोयीसाठी केलेल्या तांत्रिक तडजोडी नव्हेत. इतिहास कोण घडवतो, या प्रश्नाचे ते एक ठाम उत्तर आहे. म्हणूनच 'साचा नुसता बाहेरचा, आशय मात्र आपला' ही भाषा फसवी ठरते. साच्यात ओतलेला आशय साच्याचाच आकार घेतो.

३

याचा पुरावा आपल्या शेजारीच उपलब्ध आहे. कोमराम भीम हा आसिफाबाद परिसरातील गोंड नेता. निझामाच्या जंगलखात्याविरुद्ध आणि महसुली जाचाविरुद्ध त्याने गोंडांना संघटित केले, आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निझामी पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. हा मुलूख आपल्याला दूरचा नाही. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राजामौली यांच्या 'आरआरआर' (२०२२) या चित्रपटाने भीम आणि आंध्रातील अल्लुरी सीताराम राजू या दोघांच्या आयुष्यांतील अज्ञात वर्षांचा फायदा घेऊन, जे प्रत्यक्षात कधी भेटल्याची नोंद नाही अशा दोघांची मैत्री कल्पिली. एका अर्थाने ती महानायकांच्या जोडीची उगमकथाच आहे.

कल्पनेला आक्षेप घेण्याचे कारण नाही. ऐतिहासिक कादंबरीने आणि नाटकाने हे स्वातंत्र्य नेहमीच घेतले आहे. प्रश्न आहे तो कल्पना कुठल्या दिशेने वळते याचा. चित्रपटात भीमचे युद्ध निझामाशी राहत नाही; ते दिल्लीतील इंग्रज गव्हर्नराशी होते आणि त्याचे निमित्त असते पळवून नेलेली एक गोंड मुलगी. जमीन, जंगल आणि पाणी यांवरील हक्काचा दीर्घ झगडा एका अपहरणात आटतो. व्यवस्थेच्या जागी प्रसंग येतो तो असा. जोडेघाटला भीमबरोबर जे उभे होते, ते गोंड पडद्यावर बहुतांशी हतबल टोळीच्या रूपात उरतात. आणि अखेरीस राम भीमला 'तुला काय हवे' असे विचारतो, तेव्हा भीम अक्षरज्ञान मागतो. भीमच्या चरित्रकथा सांगतात की, गाव सोडून गेल्यावर चांद्याच्या एका छापखानदाराकडे राहून तो लिहायला-वाचायला शिकला. परागंदा असताना, श्रमाच्या मोबदल्यात त्याने स्वतः मिळवलेली गोष्ट चित्रपटात उच्चवर्णीय मित्राचे दान होऊन येते. दिग्दर्शकाच्या मनात आदिवासींविषयी अनादर होता, असे येथे म्हणायचे नाही. अनादराची गरजच पडली नाही. एकाकडे अग्नी आणि दुसऱ्याकडे पाणी अशी सामर्थ्यांची वाटणी एकदा केली की, ज्ञान एकाकडे आणि बळ दुसऱ्याकडे जाणे हे साच्यानेच उरकले.

४

आता मराठवाड्याच्या सामग्रीकडे वळू. मुखेडसारख्या गावातून पाहिले तर या सामग्रीचा भूगोल चटकन लक्षात येतो. एका बाजूला कंधार, दुसरीकडे देगलूर-बिलोली, दक्षिणेला उदगीर. चार कोसांवर बोली बदलते, तेलुगू आणि कानडी मराठीत मिसळतात, आणि संस्थानी काळातील कचेरीची व शाळेची भाषा या सर्वांहून वेगळी, उर्दू. या मुलखात समूह घडला तो कसा?

तो कुणा असामान्यांच्या बेरजेतून घडला नाही. आरंभी आहेत शाळा. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याच्या आणि नंतर अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते. त्यानंतर वाचनालये, गणेशोत्सवातील मेळे, आर्य समाजाच्या शाखा. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस, तिच्यावर बंदी आणि सत्याग्रह. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' गाण्यावरून विद्यार्थ्यांचे निष्कासन आणि त्यांतील अनेकांचा नागपूर विद्यापीठातील आश्रय. युद्धकाळात शेतकऱ्याच्या खळ्यावर आलेली धान्याची लेव्ही. १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात गोविंदराव पानसरे यांची हत्या. १९४७ नंतर उमरखेड, मनमाड, बार्शी, सोलापूर, गदग असा संस्थानच्या सीमेवर पडलेला शिबिरांचा वेढा. या दहा वर्षांत शिक्षक, वकील, कुळे, विद्यार्थी, गाडीवान, रात्री भाकरी पोचवणाऱ्या बाया हे सारे सामान्यच होते. त्यांना जे सामर्थ्य आले ते समूहात आल्यामुळे आले. येथे समूह आधी आहे आणि सामर्थ्य नंतर. साच्याचे पहिले गृहीतक या सामग्रीने उलटे केले आहे. आणि जो पटकथाकार ते पुन्हा सुलटे करील, तो संग्रामाची कथा सांगत नसून तिचा अर्थ पुसत असेल.

उमरीच्या बँकेचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. चित्रपटाचा मोह सर्वांत जास्त येथेच जागा होणार. उमरखेड शिबिरातील कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटली आणि ती रोकड लढ्यासाठी सीमेपलीकडे नेली. रेल्वेस्थानकाचे गाव, पहारा, दबा, पळ; चमूपटाला हवे ते सर्व येथे आयते आहे. पण त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. अहिंसेचा उच्चार करणाऱ्या संघटनेची माणसे हातात शस्त्र घेऊन बँकेत शिरतात, आणि काही तासांतच त्यांच्या कानावर ही बातमी येते. या घटनेचे नाट्य तिजोरी फुटण्यात नाही. आपण केले ते कोणत्या नैतिक हिशेबात बसते, पैशाचा हिशेब कुणापाशी द्यायचा, शस्त्र हाती घेतल्यावर ते खाली केव्हा ठेवायचे, या प्रश्नांत ते आहे. चमूपटाचा साचा नेमक्या याच ठिकाणी मुका होतो. त्याला लूट दाखवता येते, लुटीनंतरची रात्र दाखवता येत नाही.

नेसरीच्या सात वीरांबाबतही हाच पेच आहे. २४ फेब्रुवारी १६७४ च्या त्या प्रसंगातील प्रतापराव गुजर वगळता इतर सहांची नावे समकालीन साधनांत खात्रीने सापडत नाहीत. मराठी मनात त्यांचे स्थान कवितेने पक्के केले ते सात या संख्येच्या रूपात. २०२२ मध्ये त्या विषयावर भव्य चित्रपटाची घोषणा झाली. अशा माध्यमांतरात सहा अनामिकांना सहा स्वभाव, सहा शस्त्रे आणि सहा पूर्वकथा द्याव्या लागतात. ते सर्वस्वी अवैध नाही. पण अनामिकता हाच ज्या कथेचा आशय आहे, तिच्यातली अनामिकता ही पटकथेतील उणीव समजून भरून काढली, तर हाती काय राहते, याचा विचार व्हायला हवा.

५

साच्याचे दुसरे गृहीतक अधिक धोक्याचे आहे, कारण ते आजच्या राजकारणाला सोयीचे आहे. प्रसंगरूप संकटाला चेहरा लागतो. रझाकार ही सशस्त्र संघटना होती, तिचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील होता, आणि तिने केलेले अत्याचार खरे होते. त्यांवर पांघरूण घालण्याचे कुणालाच कारण नाही. परंतु खलनायकाचा चेहरा म्हणून एकदा दाढी-टोपीची खूण वापरली की, संघटनेचे रूपांतर समाजात व्हायला दोन दृश्येही लागत नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या 'रझाकार' या तेलुगू चित्रपटाचे अवमूल्यन झाले ते याच वाटेने.

या साच्यात दोन गोष्टी बसत नाहीत. पहिली, शोएबुल्ला खान. 'इमरोज'चा हा तरुण संपादक रझाकारांविरुद्ध लिहीत राहिला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याची हत्या झाली. मुक्तिसंग्रामाच्या समूहात त्याची जागा कुठे? त्याच्याजवळ लेखणीखेरीज शस्त्र नाही, म्हणून चमूत तो बसत नाही. तो मुसलमान आहे, म्हणून खलगटातही बसत नाही. दुसरी गोष्ट अशी की, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने कथा संपत नाही. त्यानंतर संस्थानातील मुसलमानांवर जो हिंसाचार झाला, त्याच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा सांगितला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचेही नाव घेतले. हा अहवाल कित्येक दशके दडलेला राहिला. चमूपटाला विजयाच्या पहाटे पडदा पाडता येतो. मराठवाड्याच्या कथेला ती सवलत नाही. आणि 'मुक्त झाले ते कोण' हा प्रश्न आणखी तीस वर्षांनी, १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत, याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांच्या हत्येने पुन्हा विचारला. उगमकथा म्हणजे एका पुढच्या कथेचा आरंभ असेल, तर १९४८ च्या उगमाची पुढची कथा ही आहे.

६

येथे आक्षेप येईल की, एवढे ओझे घेऊन चित्रपट चालणार कसा? प्रेक्षकाला गोष्ट हवी असते, समाजशास्त्राचा निबंध नको असतो. आक्षेप खरा आहे, पण तो अर्धवट आहे. चित्रपट निबंध होऊ नये, हे मान्य. पण चमूपट हीच एकमेव गोष्ट आहे, हे कुणी ठरवले? 'सेव्हन सामुराई'त चमू जमवण्याचे रंजन भरपूर आहे. तरी अखेरीस सामुराईंचा म्हाताराच कबूल करतो की, जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे. साच्यातून तयार झालेली अपेक्षा साच्यातच राहून उलटवता येते, याचे हे ठळक उदाहरण आहे. आणखी जवळचे उदाहरण 'मा भूमि'चे (१९७९). गौतम घोष यांनी तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढा एका सामान्य तरुणाच्या वाढीतून सांगितला. वेठबिगार, दोरा, निझामशाही हे सर्व त्याला टप्प्याटप्प्याने समजत जाते, आणि त्याचे समजत जाणे हीच कथा होते. तो चित्रपट प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. व्यवस्था दाखवली की रंजन संपते, हा निर्मात्यांचा समज त्याने केव्हाच खोडून काढला आहे.

तेव्हा माध्यमांतराच्या काही अटी स्पष्टपणे मांडायला हव्यात. उगमाचे केंद्र व्यक्तीच्या जखमेत न शोधता शाळेत, खळ्यावर आणि कचेरीच्या भाषेत शोधावे. पात्रांना सामर्थ्य वाटून देण्यापेक्षा कामे वाटून द्यावीत. निरोप पोचवणे हे बंदूक चालवण्याइतकेच कथानकाला पुढे नेणारे असावे. बदनापूरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या लढवय्या स्त्रीचे दर्शन घडवताना तिला अपवाद म्हणून सजवू नये. जिच्या घरात भाकऱ्या भाजल्या गेल्या, त्या निनावी स्त्रीशी तिचे नाते जोडावे. भाषा एक नसावी. मराठी, उर्दू, तेलुगू, कानडी यांचा सरमिसळ व्यवहार कानावर पडला नाही, तर संस्थान दिसणारच नाही. आणि शेवट विजयावर करू नये.

या अटी जाचक वाटत असतील, तर दोष अटींचा नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांसारख्या विचारवंताने आणि अनंत भालेरावांसारख्या संग्रामातील माणसाने या लढ्याचा जो विचार लिहून ठेवला आहे, तो गौरवगाथेच्या पलीकडचा आहे. भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) वाचणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. साहित्याने आणि इतिहासलेखनाने जेथपर्यंत मजल मारली, त्याच्या मागे जाण्याचा परवाना चित्रपटाला केवळ तो महागडा आहे म्हणून मिळत नाही. मुखेडच्या मोंढ्यात आज उभा असलेला माणूस पडद्याकडे पाहताना 'हे आमच्या आज्याने केले' असे म्हणेल, की 'हे कुणी तरी आमच्यासाठी केले' असे म्हणेल, यावर त्या माध्यमांतराचे मोल ठरेल. पहिल्या वाक्यात त्याला स्वतःच्या कर्तेपणाचा वारसा मिळतो. दुसऱ्यात तो पुन्हा रयत होतो, आणि रयत होण्याचेच नाकारून तर हा संग्राम सुरू झाला होता.