मेंदूशल्यविद्येचे शिक्षण : तास मोजावेत की शस्त्रक्रिया?

मोटारसायकलवरून पडून डोक्याला जबर मार लागलेला तरुण मध्यरात्री सार्वजनिक रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याची कवटी उघडून आत साकळलेले रक्त काढणारा हात बहुधा प्राध्यापकांचा नसतो. तो निवासी डॉक्टरचा असतो. तो हात कोणी, किती काळात आणि कोणाच्या देखरेखीखाली तयार केला, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीय परिषदांपुरता मर्यादित राहू शकत नाही.

आपल्याकडे ही विद्या फार जुनी नाही. डॉ. जेकब चंडी यांनी मॉन्ट्रिअलला वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला मेंदूशल्यविभाग सुरू केला. गुरूशेजारी उभे राहून, दिवसरात्र वॉर्डात वावरून शिकावयाचे, ही तेव्हाची रीत. आज एम.एस.नंतर तीन वर्षांत एम.सीएच. होता येते, अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर सात वर्षे याच एका विषयाला द्यावी लागतात.

रात्रंदिवस राबण्याच्या त्या रीतीला पहिला धक्का अमेरिकेतच बसला. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांकडे बोट दाखविले गेले. १९८९ पासून त्या राज्यात व २००३ पासून सर्व देशात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. युरोपने तर ४८ तासांचीच रेघ ओढली. मेंदूशल्यविशारदांनी याविरुद्ध कुरकूर केली, आणि तीत तथ्य नव्हते असे नाही. ज्याने सायंकाळी शस्त्रक्रिया केली त्यानेच रात्री रुग्णाची बाहुली विस्फारलेली पाहिली, तर त्याला जे कळते ते दुसऱ्याच्या टिपणावरून कळत नाही. परंतु तीस तास जागलेल्या माणसाच्या हाती सूक्ष्मदर्शकाखालची रक्तवाहिनी सोपविण्याचे समर्थन या युक्तिवादाने होत नाही.

आपली तऱ्हा निराळीच! केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तासांहून अधिक काम नसावे आणि आठवड्यास साधारणतः ४८ तास असावेत, असे स्पष्ट म्हटले होते. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत तो आकडा गळाला आणि ‘वाजवी तास’ एवढाच शब्द उरला. वाजवी म्हणजे किती, हे ठरविणार विभागप्रमुख. आणि परीक्षेत उत्तीर्ण करणाऱ्यांतही बहुधा तेच. तेव्हा तक्रार करणार कोण? २०२४ साली राष्ट्रीय कृतिदलाने ७४ तासांची शिफारस केली. ती शिफारसच आहे.

तासांच्या या वादात एक गोष्ट झाकली जाते. शिकण्याजोगे कामच बदलत आहे. मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटला की कवटी उघडून त्याच्या मुळाशी चिमटा बसविणे, ही या विद्येतली कसोटीची शस्त्रक्रिया. २००२ साली मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले : जे फुगे दोन्ही मार्गांनी हाताळता येतात, त्यांत मांडीतील धमनीतून नळी नेऊन धातूच्या तारेचे वेटोळे भरणे रुग्णाला अधिक हिताचे. रुग्णाच्या दृष्टीने उत्तमच झाले. विद्यार्थ्याची मात्र पंचाईत झाली, कारण सोपे फुगे तारेकडे गेले आणि चिमट्यासाठी उरले ते अवघड. अवघड शस्त्रक्रिया वरिष्ठ स्वतः करतात. ज्या पायरीवर पाय ठेवून वर चढावयाचे, ती पायरीच निखळली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सूक्ष्मदर्शकाखालचा हात घटविण्यासाठी कौशल्यप्रशिक्षणाची प्रयोगशाळा आहे. अशी सोय प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातली नाही. तेथे सरावाचे साधन म्हणजे रुग्णच, आणि तो बहुधा गरीब.

अमेरिकेत प्रत्येक प्रकारच्या किमान किती शस्त्रक्रिया निवासी डॉक्टरने केल्या पाहिजेत, हे आकड्यांत ठरलेले आहे. आपल्याकडेही नोंदवही ठेवावी लागते. पण ‘साहाय्य केले’ आणि ‘स्वतः केली’ यांतली रेघ तीत किती प्रामाणिकपणे ओढली जाते, हे बाहेरचा कोणी तपासत नाही तोवर त्या वहीला अर्थ येणार नाही. परीक्षकांनी अखेरच्या दिवशी रुग्ण दाखवून प्रश्न विचारण्याआधी तासभर ती वही वाचावी आणि शस्त्रक्रियागृहाच्या नोंदींशी ताडून पाहावी, याला जादा पैसा लागत नाही. पदवी हाती पडल्यावर यांतलाच एखादा जिल्ह्याच्या गावी एकटा काम सुरू करणार असतो, आणि तेथे मध्यरात्री हाक मारावयास वरिष्ठ नसतात.